चार आण्यांच्या पावतीपासून एबी फॉर्मपर्यंत

निवडणूक लागली की उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं चवीनं वाचली जातात. सोनं किती तोळे, जमीन किती एकर, पत्नीच्या नावावर काय, कर्ज कुणाचं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनं महाराष्ट्रातल्या २८६ विजयी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासली. त्यांतले २७७ कोट्यधीश निघाले. सर्वांत श्रीमंत आमदारानं जाहीर केलेली मालमत्ता ३,३८३ कोटी रुपयांची होती. त्याच निवडणुकीत एका उमेदवाराला प्रचारावर खर्च करायची मुभा होती ४० लाखांची.

हे आकडे वाचून माणूस म्हणतो, ‘सगळे सारखेच’. हे वाक्य आज चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सारखं कानावर येतं. त्याचं खापर नेत्यांच्या श्रीमंतीवर फोडलं जातं, पण मला ते अर्धंच खरं वाटतं. श्रीमंत माणसं आपल्या राजकारणात पहिल्या दिवसापासून होती. बदललं ते वेगळंच आहे, आणि ते शोधायचं तर पक्षांच्या अधिवेशनांकडे पाहावं लागतं.

२८ डिसेंबर १८८५ ला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते खरं तर पुण्यात व्हायचं होतं, पण तिथं पटकी पसरली आणि जागा बदलली. ७२ प्रतिनिधी आले, बहुतेक वकील, संपादक, व्यापारी, मोठ्या घरचे. फिरोजशहा मेहतांसारख्यांना पैशाची ददात नव्हती. पुढची वीस-बावीस वर्षं काँग्रेस म्हणजे नाताळच्या सुट्टीत भरणारी सुशिक्षितांची सभाच होती. १९०७ ला सुरतेत टिळक बोलायला उभे राहिले, गोंधळ उडाला, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि कुणीतरी फेकलेला दक्षिणी जोडा व्यासपीठावर मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला. काँग्रेस फुटली. त्या भांडणात मतभेद तर होतेच, पण सभा कुणाची, मांडव कुणाचा आणि ठराव कोण ठरवणार, हा प्रश्नही होता.

त्याला उत्तर मिळालं ते १९२० च्या नागपूर अधिवेशनात. तिथं काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. भाषेनुसार प्रांतिक समित्या आल्या, ५० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी ठरला आणि सभासदत्वाची वर्गणी झाली वर्षाला चार आणे. चार आणे म्हणजे फुकट नव्हे, पण शेतमजुरालाही मन घट्ट करून देता येतील अशी रक्कम. ती देणारा माणूस आपल्या तालुक्याच्या समितीवर कोण जावं हे ठरवू शकत होता, तालुका जिल्ह्याचं आणि जिल्हा प्रांताचं ठरवू शकत होता. लगेच १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये आणि एक कोटी सभासद अशी दोन उद्दिष्टं ठेवली गेली. पैसे मुदतीत जमले, त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. सभासद मात्र निम्म्याच्या आसपास झाले. पैसा माणसांच्या पुढे धावतो, हे तेव्हाही दिसलं होतं. पण निदान दोन्ही गोष्टी मोजल्या जात होत्या.

खानदेशातल्या लोकांना फैजपूर सांगायला नको. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, ते फैजपूरला. गांधीजींचा आग्रह होता की खेड्याचा सोहळा खेड्यातल्याच वस्तूंनी सजला पाहिजे. शांतिनिकेतनहून आलेले नंदलाल बोस बांबू, चटया, गवत, मडकी असं आजूबाजूला मिळेल ते घेऊन कामाला लागले. सभास्थानाला नाव दिलं टिळकनगर. धनाजी नाना चौधरी आणि त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी राबून ते उभं केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली. शेतसारा, खंड आणि कर्जाखाली दबलेल्या कुळांसाठीचा कार्यक्रम याच अधिवेशनात पुढे आला. शेतकरी ऐकायला आले होते आणि बोललं जात होतं ते त्यांच्याच सातबाऱ्याबद्दल.

मला या सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रतिनिधीचा अधिकार. जानेवारी १९३९ मध्ये अध्यक्षपदासाठी मतदान झालं. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्यांना होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सुभाषचंद्र बोस १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी निवडून आले. पुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला ही गोष्ट वेगळी आणि दुःखाची, पण त्या दिवशी शेकडो प्रतिनिधींनी गांधीजींच्या मनाविरुद्ध मत टाकलं होतं. स्वातंत्र्यानंतरही काही काळ ही रग टिकली. १९५० ला पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली. टंडन यांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि देवांना २०२ मतं पडली. नेहरूंना टंडन नको होते, तरी ते अध्यक्ष झाले आणि नाशिकच्या अधिवेशनात त्या खुर्चीत बसले. १९५९ ला नागपुरात सहकारी शेतीचा ठराव आला, तेव्हा चरणसिंगांनी उभं राहून नेहरूंच्या समोर त्याला विरोध केला. आज आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याही पक्षाच्या अधिवेशनात असं झाल्याचं आठवतं का, हे वाचकांनीच मनाशी तपासावं.

दरम्यान पैशाची वाट वेगळी पडत होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एका जागेसाठी खर्चाची मर्यादा साधारण २५ हजार रुपये होती. पक्षांना मोठा आधार होता उद्योगांच्या देणग्यांचा. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षाला देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमांत बदल हवा होता आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण निकालपत्रात स्पष्ट धोक्याची घंटा वाजवली. हा प्रकार वाढत गेला तर लोकशाहीचा गळा आवळला जाईल आणि संसदेनं वेळीच लक्ष घालावं, असा त्याचा आशय होता. लोकशाहीला दहाच वर्षं झाली होती तेव्हा.

संसदेनं लक्ष घातलं, पण कसं? १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. निवडणुकीचा खर्च सरकारनं उचलायचा, असा पर्याय मात्र दिला नाही. खर्च थांबला नाही, फक्त चेकची जागा सुटकेसनं घेतली. माझ्या मते आपल्या राजकारणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. देणगीदार अदृश्य झाला. पैसा गोळा करणारा माणूस पक्षात बलवान झाला आणि वर्गणीची पावती फाडणारा कार्यकर्ता मागे पडला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरायला हवा. काही आठवड्यांत वटहुकूम आला आणि तो खर्च हिशेबाबाहेर काढला गेला. मर्यादा कागदावर राहिली.

याच काळात अधिवेशनांचा जीव गेला. १९७२ नंतर काँग्रेसमध्ये तब्बल वीस वर्षं संघटनेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. जिल्हाध्यक्ष दिल्लीहून नेमले जाऊ लागले. हायकमांड हा शब्द मराठीत असा रुळला की आता तो परका वाटत नाही.

मुंबईनं ऐंशीच्या दशकात दोन मोठी अधिवेशनं पाहिली. डिसेंबर १९८० मध्ये वांद्र्याच्या समतानगरात नव्या भारतीय जनता पक्षाचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. पाहुणे म्हणून व्यासपीठावर होते तेच न्यायमूर्ती छागला. अंधार सरेल आणि कमळ फुलेल, हे वाजपेयींचे शब्द तिथलेच. आणि डिसेंबर १९८५ ला काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात राजीव गांधींनी सत्तेच्या दलालांवर कडाडून टीका केली. पक्षाच्या पाठीवर बसलेले हे लोक कार्यकर्त्याला दाबून टाकतात, असं खुद्द पक्षाध्यक्ष सांगत होते. सामान्य कार्यकर्त्याच्या मनातलं इतक्या उघडपणे वरून क्वचितच बोललं गेलं असेल. त्याच वर्षी कंपन्यांच्या देणग्यांना पुन्हा कायदेशीर वाट मिळाली, पण रोखीची सवय मुरली होती.

१९९२ ला काँग्रेसच्या तिरुपती अधिवेशनात अखेर कार्यकारिणीसाठी मतदान झालं. अर्जुन सिंग, शरद पवार असे नेते निवडून आले. त्यात दलित, आदिवासी आणि महिलांना स्थान मिळालं नाही, असं कारण देऊन नरसिंह रावांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि बहुतेकांना नेमणुकीनं परत घेतलं. कारण खरं होतं, पण निवडून आलेला माणूस एका रात्रीत नेमलेला झाला. २०२३ च्या रायपूर अधिवेशनात तर कार्यकारिणीची निवडणूक न घेता नेमणुकीचे अधिकार अध्यक्षांना द्यायचं ठरलं. इतर पक्षांचं चित्र फार वेगळं नाही. अध्यक्ष ‘एकमतानं’ निवडले जातात, ठराव ‘टाळ्यांच्या गजरात’ मंजूर होतात.

अशा अधिवेशनाला जाऊन आलेल्या कार्यकर्त्याला विचारावं, काय ठरलं? तो बसची सोय, जेवणाची पाकिटं, गळ्यातल्या पासचा रंग आणि कुठल्या रंगाचा पास कुठल्या रांगेपर्यंत जातो, हे बारकाईनं सांगेल. ठराव कोणता झाला हे त्याला बहुधा वर्तमानपत्रातून कळतं. त्यानं वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेल्या असतात. उमेदवारी ठरते ती एबी फॉर्मवर, म्हणजे अमुक माणूस आमचा अधिकृत उमेदवार असं पक्ष लिहून देतो त्या कागदावर. हा कागद अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी गाडीतून येतो, कधी कालपर्यंत दुसऱ्या पक्षात असलेल्या माणसाच्या हाती पडतो. निष्ठावंत बाहेर उभा राहून गुलाल बघतो. निराशेची सुरुवात मतदारापासून होत नाही, ती इथून होते. कारण गावात पक्षाचा चेहरा हाच माणूस असतो, आणि तोच घरी येऊन ‘काही खरं नाही’ म्हणाला की गल्लीचा विश्वास उडतो.

माहितीचा हक्क मात्र लोकांनी झगडून मिळवला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं उमेदवारांचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करायला सांगितलं. जवळपास सगळे पक्ष एकत्र आले आणि कायदा बदलून ते पातळ करायला निघाले. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला, म्हणून आज उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राचा तो रकान्यारकान्यांचा फॉर्म २६ आपल्याला वाचायला मिळतो. लोकसभेतल्या कोट्यधीश खासदारांचं प्रमाण २००९ ला ५८ टक्के, २०१४ ला ८२, २०१९ ला ८८ आणि २०२४ ला ९३ टक्के झालं. यात जमिनीच्या वाढलेल्या भावांचाही भाग आहे, तो विसरू नये. पण चार आण्यांच्या पावतीवाल्याला तिकीट मिळायची शक्यता किती उरली, ते या आकड्यांत दिसतं. देणगीदार मात्र २०१८ पासून, देणाऱ्याचं नाव लोकांना कळू न देणाऱ्या निवडणूक रोख्यांआड लपला. १६ हजार कोटींहून अधिक रक्कम त्या वाटेनं गेली आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्रात त्यावर २०२२ आणि २०२३ च्या फुटींचा घाव बसला. शिवसेनेच्या वादात निवडणूक आयोगानं २०१८ ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही असं म्हटलं, पदाधिकाऱ्यांच्या नेमणुकांवर बोट ठेवलं आणि कौल दिला तो आमदार-खासदारांच्या संख्येवर. राष्ट्रवादीच्या प्रकरणातही शेवटी विधिमंडळातलं बळच मोजलं गेलं. पक्षाच्या सभासदाचं मत कुठंच मोजता आलं नाही, कारण ते मोजायची सोय कुणी जिवंत ठेवली नव्हती.

तरी लोक घरी बसले असं म्हणता येत नाही. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं, मुंबईच्या कुलाब्यात मात्र ४५ टक्केही नाही. राग दुसरीकडून निघतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणची जागा युतीत शिवसेनेला सुटली, भाजपचे स्थानिक कार्यकर्ते नाराज झाले. मतमोजणीत काँग्रेसच्या विजयी उमेदवाराखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता ‘नोटा’, २७ हजारांहून जास्त मतांसह. पलूस-कडेगावलाही दुसरा क्रमांक ‘नोटा’चाच. हजारो माणसं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि कुणीच नको असं सांगून परत गेली.

आणि २०२० च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी बोली लागली. मंदिराच्या कामासाठी पैसा उभा राहील आणि निवडणूक बिनविरोध होईल, असा हिशेब होता. आकडा चढत चढत दोन कोटींच्या वर गेला. नंदुरबारच्या खोंडामळीतही बोली झाली, ४२ लाखांपर्यंत. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. त्या बोलीची चित्रफीत अनेकांनी पाहिली आहे. गर्दी दाटून बसलेली, आकडा पुकारला की कुजबुज, मग नवा आकडा. चोरून काही चाललेलं नव्हतं. देवाचं काम होतंय, गावात भांडण होणार नाही, मग हरकत काय, असा भाव त्या चेहऱ्यांवर होता. मी ती चित्रफीत दोनदा पाहिली. दुसऱ्या वेळी बोली लावणाऱ्यांकडे माझं लक्ष नव्हतं, मागे शांतपणे बसून राहिलेल्या माणसांकडे होतं.