डिपॉझिटचा वाद, घर सोडताना (सोलापूर)

भाड्याचं घर खाली करताना ते घेतलं तेव्हा कसं होतं आणि आता कसं झालंय यावरून मालक आणि भाडेकरूत होणारी तक्रार. शेवटी मुद्दा एकच, अनामत रकमेतून किती कापायचं. सोलापुरात याला वेगळं नाव नाही, "डिपॉझिट अडकलं" म्हटलं की समोरच्याला कळतं.

कायद्यातलं मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, कलम १०८. भाडेकरूनं घर जसं घेतलं तसं परत करायचं, वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती तेवढी सोडून. आता वाजवी म्हणजे किती हे तिथं लिहिलेलं नाही आणि सगळं भांडण त्या एका शब्दावर चालतं. त्यात गोची अशी की आजची बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर जातात, म्हणजे तो भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी (सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ५२), मग कलम १०८ सरळ लागत नाही, करारात लिहिलं असेल तेच धरायचं. बोलताना मात्र दोन्हीला भाडेकरारच म्हणतात. सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं की कागदावरचं नाव बघू नका, व्यवहार खरा काय आहे ते बघा.

करार ११ महिन्यांचाच का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. दुसरं, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडेकरूला दिलेल्या संरक्षणातून मालकानं सुटायची ही वाट. पहिलं जास्त पटतं, दुसऱ्यानं फार तर लायसन्स हा प्रकार का वाढला ते कळतं. महाराष्ट्रात तसाही या ११ चा उपयोग उरला नाही. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं. नोटरीवर भागवणारे मालक "भिंतीला खिळा मारायचा नाही असं ठरलं होतं" म्हणून अडून बसतात तेव्हा हे कलम त्यांच्याच अंगावर येतं.

सोलापूरचा वाद बराचसा पाण्याचा. नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी, म्हणून मोरीत बॅरल, वापरायला बोअर, आणि बोअरचं पाणी जड. वर्षभरात तोट्यांवर, टाईल्सवर पांढरा थर बसतो. उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावला की त्याच्या गळतीचा ओघळ खालच्या भिंतीवर उमटतो, तो चुन्यानं झाकला जात नाही. बरं, हा क्षार म्हणजे झीज की नुकसान? झीज म्हणणंच बरोबर वाटतं, पण भाडेकरू घाबरून चावी द्यायच्या आदल्या दिवशी अॅसिड ओततो आणि तिथं फसतो, कारण शहाबादी फरशी चुनखडीची, अॅसिड पडलं की फेसाळते आणि खरबरीत होते, तोटीचा मुलामाही जातो. मग हे मात्र नुकसानच, आणि तेही स्वतःच्या हातानं केलेलं.

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या गाळ्यांचं वेगळं. माग बसवायला जमिनीत बोल्ट घेतलेले असतात. भाडेपट्टा असेल तर ताबा असेपर्यंत भाडेकरूला आपलं बसवलेलं काढून नेता येतं, पण जागा होती तशी करून द्यायची, म्हणजे भोकं त्यानंच बुजवायची.

मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही तर १९९९ च्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली दुप्पट शुल्काची भरपाई मागता येते, पण तो अर्ज ताब्यासाठी, डिपॉझिटसाठी नाही. २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडे कायदा भिंतींची सफेदी मालकाकडे आणि तोटीचे वॉशर भाडेकरूकडे देतो, शिवाय राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यावर घेऊ नये म्हणतो. तो नुसता नमुना, राज्यानं केल्याशिवाय लागू होत नाही, तरी भांडणात त्याचा दाखला हमखास निघतो.