‘रायडिंग शॉटगन’ नेमकं कुठून आलं?

गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून जाण्याला बोलीभाषेतल्या इंग्रजीत ‘रायडिंग शॉटगन’ म्हणतात. ती सीट पटकावायला नुसतं ‘शॉटगन!’ ओरडलं की झालं. याच्या उगमाची एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोडागाड्या, म्हणजे स्टेजकोच, धावत तेव्हा गाडीवानाशेजारी बंदूकधारी बसायचा आणि तेव्हाचे लोक त्यालाच ‘रायडिंग शॉटगन’ म्हणायचे, अशी ती गोष्ट.

बंदूकधारी खराच होता. वेल्स फार्गोसारखी कंपनी सोन्यानाण्याच्या पेटीबरोबर पहारेकरी धाडायची. पेटी गाडीवानाच्या पायाशी, पहारेकरी शेजारी, हातात आखूड नळीची शॉटगन. हेलकावे खाणाऱ्या गाडीवरून रायफलचा नेम धरणं अवघड. छऱ्यांचा फवारा मात्र जवळ आलेल्या लुटारूला सहसा सोडत नाही. पण या माणसाला म्हणत ‘शॉटगन मेसेंजर’. पश्चिम अमेरिकेतला प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प यानंही काही काळ हे काम केलं होतं.

घोळ पुढे आहे. ‘रायडिंग शॉटगन’ हा प्रयोग छापील स्वरूपात सापडतो तो १९०५ सालच्या एका कादंबरीत. तोवर रेल्वेनं स्टेजकोचचा धंदा जवळजवळ बसवलाच होता! पुढे वेस्टर्न, म्हणजे त्या जुन्या पश्चिम अमेरिकेवरच्या, सिनेमांनी हा शब्दप्रयोग उचलून धरला. १९३९च्या ‘स्टेजकोच’मध्ये तो संवादात ऐकू येतो. मोटारीतल्या पुढच्या सीटला तो चिकटला, तो त्याच्याही नंतर.