घर पडलं किंवा पाणी शिरलं, तर पंचनाम्यात काय लिहून घ्याल?

घराचं नुकसान झालं की तहसीलला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "फॉर्म कुठे मिळतो?" फॉर्म कोणीही देईल, पण मदत फॉर्मवर मिळत नाही, पंचनाम्यावर मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही असा, नाकारलेली बहुतेक प्रकरणं पंचनाम्यातल्या एखाद्या ओळीवर अडकलेली दिसतात.

आधी कोणाला काय मिळतं ते पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला, कच्चं असो की पक्कं, सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. अंशतः पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, पण पडझड किमान १५ टक्के हवी. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी २,५०० रुपये, कुटुंबामागे. मोठ्या पुराच्या वर्षी राज्य शासन वेगळा निर्णय काढून या रकमा वाढवतं, म्हणून ज्या वर्षीचं नुकसान त्या वर्षीचा शासन निर्णय मागून बघायचाच.

आकड्यांवरून एक गोष्ट आधीच समजून घ्या. नुसतं छत गळालं, भिंतीला ओल आली, पोपडे पडले, एवढ्यावर पडझडीची मदत नाही. भिंत, छत, कोपरा असं काही पडलेलं असावं लागतं.

आपल्याकडे खरी अडचण धाब्याच्या घरांची. मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा थर आणि पाऊस लागायच्या आधी पसरलेली खारी माती. झड लागली की पाणी वरून मुरतं, भिंत आतून फुगते आणि पाऊस उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडलेलं असताना बसते. म्हातारी सांगते, "मन्हं घर पडी गयं," आणि पाहायला आलेला कर्मचारी कोरड्या दिवशी लिहून घेतो, "भिंत जुनी व जीर्ण असल्याने पडली." झालं, प्रकरण तिथेच संपलं! जीर्ण होऊन पडलेलं घर नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. पूर आणि ढगफुटी केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहेत. अतिवृष्टी, अवेळी पाऊस आणि वीज पडणं या आपत्ती राज्याने आपल्या यादीत घेतलेल्या आहेत. तेव्हा कारणाच्या रकान्यात "अमुक तारखेच्या अतिवृष्टीने भिंत भिजून कोसळली" किंवा "नाल्याच्या पुराचं पाणी शिरून पडली" असं स्पष्ट आलं पाहिजे, आणि पावसाची तारीख व घर पडल्याची तारीख दोन्ही यायला हव्यात.

पावसाच्या आकड्यावरूनही लोक परत पाठवले जातात. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पण पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि ढग तुमच्या शिवारावर फुटलेला असतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं, ते डोंगराकडच्या पावसाचं. मंडळाचा आकडा कमी दिसत असेल तर अतिवृष्टी या शब्दावर अडून बसू नका, पुराचं पाणी कुठून आलं आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत चढलं ते लिहून घ्या. भिंतीवरची गाळाची रेघ पुसू नका, तिच्याशेजारी माणूस उभा करून फोटो काढा.

पंचनाम्याआधी मलबा उचलू नका, असं सगळे सांगतात. पण लेकरंबाळं घेऊन उघड्यावर किती दिवस बसायचं, हे सांगणाऱ्याने कधी पाहिलेलं नसतं. ताडपत्री टाका, वाट मोकळी करा, मात्र त्याआधी तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो चारही बाजूंनी घ्या. आणि त्याच दिवशी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लेखी कळवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. फोन उचलला गेला नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

"७२ तास होऊन गेले, आता काही होत नाही," असं ऐकून कितीतरी लोक घरी बसतात. ही ७२ तासांची अट पीक विम्याच्या तक्रारीतली आहे. घराच्या पंचनाम्याला ती लावू नका आणि कोणाला लावू देऊ नका. लवकर कळवलेलं चांगलंच, पण चौथ्या दिवशी पडलेल्या घरालाही पंचनामा मागता येतो.

आता कागदांचं. आधार, रेशनकार्ड, पासबुक बहुतेकांकडे असतं. अडतं ते घराच्या उताऱ्यावर. लोक सातबारा घेऊन येतात, तो शेतीचा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका लागते. नमुना ८ वर वारलेल्या आजोबांचं नाव असतं, खाली तीन भाऊ राहतात आणि एकाचंही नाव लागलेलं नसतं. अशा वेळी वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत लगेच द्या, त्याची पोच आणि बाकी वारसांचं संमतीपत्र प्रकरणाला जोडा. भावाभावांत बोलणं नसेल तर हे सगळ्यात अवघड काम असतं, मला माहीत आहे, पण एका सहीसाठी सगळ्यांची रक्कम अडकते. दादाकडे मोठ्या माणसाला पुढे घालून जा.

निकषात आणखी एक अट आहे. घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं हवं. नाल्याकाठी किंवा गायरानात राहणाऱ्यांना इथेच नकार येतो, आणि पाणी पहिलं त्यांच्याच घरात शिरतं. हे मनाला पटणारं नाही. तरी पंचनामा मागाच. घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, जे असेल ते जोडा, कारण पुढे शासनाने अट शिथिल केली तर पंचनामा असलेलीच नावं यादीत येतात.

सही किंवा अंगठा देण्याआधी पंचनामा मोठ्याने वाचून घ्या. घर पूर्ण की अंशतः, किती टक्के, कच्चं की पक्कं, कारण काय आणि पंच कोण. तीन भिंती बसलेल्या असताना "अंशतः" लिहिलं तर १,२०,००० ऐवजी ४,००० हातात येतात. पटलं नाही तर तिथेच तसं लिहा, आणि तहसीलदारांकडे फेरपाहणीचा अर्ज द्या. बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासणी करावी, असं त्यात मागा. पंचनाम्याची प्रत कोणी देत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा, ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

यादी मंजूर झाली तरी पैसे शेवटी बँकेत अडतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी अनुदानासाठी तेच खातं निवडलेलं असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहा. तिथे जी बँक दिसेल, पैसे तिच्यातच जातात. अनेकदा ते कुठलंतरी जुनं, बंद पडलेलं खातं असतं. ते बदलून घ्यायचा अर्ज आपल्या बँकेत आताच, यादी लागायची वाट न पाहता देऊन ठेवा.