उद्योगांना सवलती की उच्च शिक्षण : राज्याच्या खर्चाचा प्राधान्यक्रम (पुणे)

राज्याच्या तिजोरीतून उद्योगांना किती सवलती द्यायच्या आणि विद्यापीठे-महाविद्यालयांवर किती खर्च करायचा, हा महाराष्ट्रातला जुना वाद. पुण्यात तो ठळकपणे दिसतो, कारण एकीकडे हिंजवडी, चाकण, तळेगाव, रांजणगाव ही उद्योगक्षेत्रे आणि दुसरीकडे गणेशखिंडीतले विद्यापीठ, असे दोन्ही दावेदार एकाच जिल्ह्यात आहेत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ साली स्थापन झाले आणि १९६४ मध्ये उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. उद्योग मुंबई-पुण्याबाहेर न्यावेत, हा तिचा मूळ हेतू. म्हणून विकासाच्या पातळीनुसार तालुक्यांचे गट पाडले गेले. पुणे-पिंपरी पट्टा विकसित म्हणून ‘अ’ गटात येतो आणि तिथे नेहमीच्या सवलती अगदी कमी. विशाल व अतिविशाल प्रकल्पांसाठी मात्र सरकार स्वतंत्र पॅकेज ठरवू शकते, आणि मूळ हेतूला मुरड पडते ती इथेच.

या दोन खर्चांचे हिशेब सारखे दिसत नाहीत, हा या विषयाचा गाभा. प्राध्यापकाचा पगार अर्थसंकल्पात रुपयांत छापलेला असतो. वित्त विभागाला तो लगेच डोळ्यांत भरतो. सवलतीचा मोठा भाग खर्च म्हणून दिसतच नाही. पात्र कारखान्याच्या वीजबिलात ‘विद्युत शुल्क’ या ओळीपुढे शून्य येते आणि जमिनीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क माफ होते. हा पैसा तिजोरीत आलाच नाही, म्हणून गेला असे कोणी म्हणत नाही. राज्याच्या वाट्याच्या जीएसटीशी जोडलेले प्रोत्साहन अनुदान तेवढे उत्पादन सुरू झाल्यावर वर्षानुवर्षे द्यावे लागते. आजच्या मंत्रिमंडळाने दिलेला शब्द पुढच्या सरकारांच्या अर्थसंकल्पांवर बोजा होऊन बसतो.

उच्च शिक्षणाच्या बाजूला अनुदानाचा बहुतांश भाग वेतनात जातो. प्रयोगशाळा, ग्रंथालय, इमारतीची डागडुजी यासाठी लागणारे वेतनेतर अनुदान नेहमीच तोकडे. १९८३ मध्ये खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर व्यावसायिक शिक्षणाचा विस्तार मुख्यतः पालकांच्या खिशातून झाला. पुण्याच्या चारही दिशांना उभी राहिलेली महाविद्यालये ही त्याचीच खूण.

काटकसर म्हणजे नेमके काय, हे स्टाफरूममध्ये कळते. अनुदानित पदावरचा प्राध्यापक निवृत्त होतो, पद भरायला वित्त विभागाची मान्यता लागते, ती येईपर्यंत वर्षे जातात. तोवर तो विषय ‘तासिका तत्त्वावर’ शिकवला जातो. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, पीएचडी झालेली माणसे एका कॉलेजातल्या सकाळच्या तासिका संपवून दुचाकीवरून दुसरे कॉलेज गाठतात. मानधन घेतलेल्या तासांपुरतेच. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी बिनपगारी. वर्षानुवर्षे असे राबणाऱ्यांवर राज्याने केलेला हा अन्यायच आहे, असे नोंदवल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (स्थापना १९४९) पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचा भार वाहते. तिथेही मंजूर अध्यापक पदांपैकी बरीच रिक्त राहिली. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात ते २०२४ मध्ये २३व्या क्रमांकावर होते, २०२५ मध्ये ५६व्या. या घसरणीनंतर रिक्त पदांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

सवलतींच्या बाजूने मुख्य युक्तिवाद रोजगाराचा आणि शेजारच्या राज्यांशी असलेल्या स्पर्धेचा. २०२२ मध्ये तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातने मिळवला तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ‘प्रकल्प गेला’ ही राजकीय नामुष्की ठरते. प्राध्यापकाची जागा गेली, तर मोर्चा निघतो तो फार तर शिक्षण संचालनालयावर.

हे दोन खर्च एकमेकांचे शत्रू आहेत, असे पुण्याचा इतिहास सांगत नाही. आजचे सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ १८५४ मध्ये बांधकाम खात्याला माणसे पुरवणारी शाळा म्हणून सुरू झाले. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये. ‘अ’ गटात सवलती कमी असूनही कंपन्या पुण्यात येत राहिल्या, त्यात सुट्या भागांच्या पुरवठादारांइतकाच इथल्या शिकलेल्या मनुष्यबळाचा वाटा आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ६ टक्क्यांचेच उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी दिली. निर्णय मोलाचा आहे. मात्र शुल्काची प्रतिपूर्ती वेळेवर झाली नाही, तर त्याची झळ महाविद्यालयाच्या तिजोरीला आणि तिथल्या पगारांना बसते.