सामुराई सुडोकू आलं कुठून आणि इतकं अवघड का जातं

पाच सुडोकू एकमेकांत अडकवलेलं ते मोठं जाळं बघितलं की वाटतं घरं जास्त, म्हणून वेळ जास्त, बाकी काय. तसं नाहीये. खरा कस लागतो तो एकेका घरावर किती बंधनं आहेत त्यात, आणि मागचा इतिहास बघितला तर ही बंधनंच एकेक करून वाढत गेलीत.

सुरुवात ऑयलरपासून धरतात. १७८० च्या आसपास या स्विस गणितज्ञाने लॅटिन चौरसांचा अभ्यास केला, त्यात आडव्या ओळीत आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच, म्हणजे घरावर दोन बंधनं. तिसरं बंधन, ३ बाय ३ चा बॉक्स, आज आपण खेळतो त्या रूपात आलं १९७९ ला, अमेरिकेतल्या डेल या प्रकाशन संस्थेच्या मासिकात, तेव्हा नाव होतं 'नंबर प्लेस'. ते बनवलं हॉवर्ड गार्न्स या रिटायर्ड आर्किटेक्टने असं मानतात, कारण कोड्याखाली त्यांचं नावच नसायचं, आणि १९८९ ला ते गेले, जगभर लाट आलेली त्यांना बघायलाच मिळाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९८४ ला जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने ते उचललं, मग १९९७ ला वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांना ते टोकियोच्या पुस्तकाच्या दुकानात सापडलं, त्यांनी कोडी बनवणारा प्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ पासून लंडनच्या टाइम्समध्ये सुडोकू सुरू झालं. पाच ग्रिडवाल्याला जपानमध्ये गट्टाई-५ म्हणतात, सामुराई नावाने ते टाइम्समध्ये छापून आलं.

आता हिशोब बघा. पाच ग्रिडची ४०५ घरं, पण मधल्या ग्रिडचे चारही कोपऱ्यांचे बॉक्स बाकीच्या चार ग्रिडशी सामाईक, म्हणून ३६ वजा, उरली ३६९. त्या सामाईक बॉक्समधल्या घरावर दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि एक बॉक्स, अशी पाच बंधनं येतात, आणि सगळी मजा तिथेच आहे.

समजा वरच्या डाव्या ग्रिडमध्ये कळलं की सामाईक बॉक्समधला ७ खालच्या ओळीतच बसणार, नक्की कुठे ते माहीत नाही. तेवढं पुरतं, कारण ती ओळ मधल्या ग्रिडचीपण आहे, त्यामुळे तिथे त्या ओळीत पुढे कुठेच ७ येणार नाही, आणि त्याच ओळीची शेवटची तीन घरं वरच्या उजव्या ग्रिडच्या सामाईक बॉक्समध्ये पडतात, म्हणजे डावीकडे एकही आकडा न भरता उजवीकडची तीन घरं ७ साठी बंद झाली! फक्त लांबलचक २१ घरांची ओळ एकच समजू नका, ७ तिथे दोनदासुद्धा येऊ शकतो, नियम प्रत्येक ग्रिडच्या ९ घरांपुरताच.

म्हणून एक कोपरा पूर्ण करूनच पुढे जायचं हा हट्ट अवघड सामुराईत चालत नाही, तो कोपरा एकटा घेतला तर बरेचदा त्याला एकच एक उत्तर नसतंच, उरलेली माहिती मधल्या ग्रिडमधूनच यावी लागते.