शेवटचा शब्द संसदेचा, पण मतदार कोण?

राज्यघटनेतल्या हक्कांच्या जोरावर न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकते. मग कोणी निवडून न दिलेल्या न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींना अडवायचे का, हा आक्षेप येतोच. हक्कांची सनद साध्या कायद्याने आणायची आणि शेवटचा शब्द संसदेकडे ठेवायचा, हा त्यावरचा तोडगा. कॅनडाने १९६० मध्ये अशी सनद केली. ब्रिटनने १९९८ मध्ये. तोडग्याचा खरा कस मात्र न्यूझीलंडमध्ये लागला.

१९८५ मध्ये तिथले न्यायमंत्री जेफ्री पामर यांनी श्वेतपत्रिका मांडली, तेव्हा त्यांना सनद सर्वोच्च कायदा म्हणून हवी होती. न्यायाधीशांच्या हाती इतकी सत्ता देण्याला मोठा विरोध झाला. अखेर १९९० मध्ये सनद साधा कायदा म्हणूनच आली. कलम ४ नुसार सनदेशी विसंगत म्हणून कोणताही कायदा न्यायालयाला रद्द करता येत नाही. विधेयक विसंगत दिसले तर अ‍ॅटर्नी जनरलने ते सभागृहाला कळवायचे, एवढे कलम ७ सांगते.

२०१० मध्ये शिक्षा भोगणाऱ्या सर्वच कैद्यांचा मताधिकार काढण्याचे विधेयक आले. त्याआधी ही बंदी तीन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यांनाच होती. अ‍ॅटर्नी जनरलने विसंगतीचा अहवाल दिला, तरी संसदेने ते संमत केले. परिणाम पाहा: महिन्याभराची शिक्षा, पण निवडणूक नेमकी त्याच महिन्यात, तर मत गेले, दोन निवडणुकांच्या मधल्या काळात दोन वर्षे तुरुंगात काढून सुटलेल्याचे मत शाबूत.

मला इथेच मूळ युक्तिवाद लंगडा पडताना दिसतो. संसदेचा शब्द अखेरचा का? मतदार संसद बदलू शकतात म्हणून. ज्याचे मतच काढून घेतले, त्याने कोणाला बदलायचे?

कैदी न्यायालयात गेले. कायदा रद्द होणार नव्हता, तरी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तो सनदेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. असे जाहीर करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. २०२० मध्ये संसदेने तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्यांना मत परत दिले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाची अशी घोषणा अ‍ॅटर्नी जनरलने सभागृहापुढे ठेवावी लागते आणि सरकारला त्यावर सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते.