घरंदाज बहीण हिस्सा मागत नाही?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आजही ठासून सांगितले जाते की, घरंदाज बहीण माहेरच्या जमिनीत वाटा मागत नाही, आणि लग्नाचा खर्च झाला की तिचा हक्क तसाही संपतो. यातला दुसरा भाग कायद्याच्या दृष्टीने निखालस चुकीचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी, मग ती विवाहित असो वा अविवाहित, मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र या दुरुस्तीने धक्का लागत नाही.

पहिला भाग अधिक चिवट आहे. वडील वारल्यावर वारसनोंदीत बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात, आणि गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे, नेवऱ्यांचे ताट अजून उचललेलेही नसताना, हक्कसोडपत्राचा विषय निघतो. कलमांची बाग रस्त्याला लागून असली तर जरा लवकरच निघतो. सही केली तर ती मानाची, नाही केली तर भावाच्या मुळावर उठलेली; घराण्याच्या अब्रूचा भार नेमका तिच्याच सहीवर का, हे मात्र कोणी विचारत नाही.

स्वखुशीने हक्क सोडण्यास अर्थातच कोणाची हरकत नाही. मात्र स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते, आणि एकदा नोंदवलेले पत्र पुढे मन बदलले एवढ्यावर रद्द होत नाही.